मनोला कोण शिकवणार? पंडिता रमाबाई, इंग्लंड आणि आपण



पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. मुलं झोपल्यावर, ओटा आवरून झाल्यावर निवांत वाचा.

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या आईला इकडे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला म्हणजे, "वेळ कुठून आणतेस गं?" दुसरा जरा दबक्या आवाजात येतो. "मग देवाधर्माचं काय? ते पण तूच शिकवणार?" इल्फर्डमध्ये आपल्यासारखी मराठी घरं आहेत. त्यात नगरकडची, वसईकडची ख्रिस्ती घरं आहेत, पुण्यामुंबईची हिंदू घरं आहेत, आणि नवरा एका धर्माचा, बायको दुसऱ्या धर्माची अशीही आहेत. मुलं शाळेत जातात त्यांनाही दुसरा प्रश्न चुकत नाही. डिसेंबरात नेटिव्हिटीच्या नाटकात मेंढपाळ होऊन आलेलं पोर रात्री अंथरुणात विचारतं, "आई, हे खरं आहे का?" त्या वेळी उत्तर शाळा देत नाही, आपल्यालाच द्यावं लागतं.

या प्रश्नावर आपल्याआधी एक मराठी आई इथे, याच इंग्लंडमध्ये, झगडून गेली आहे. तिचं नाव तुम्हाला माहीत आहे, शाळेच्या पुस्तकात एक धडा होता. पण धड्यात समाजसुधारक पंडिता रमाबाई होत्या. मला आज आई रमाबाईंबद्दल लिहायचंय.

गोष्ट त्यांच्या आईपासून सुरू होते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. तरुणपणी पेशव्यांच्या घरी एका स्त्रीला संस्कृत शिकवलं जात असल्याचं त्यांनी पाहिलं आणि आपल्या बायकोलाही शिकवायचं ठरवलं. पहिल्या पत्नीला त्यात रस नव्हता. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई, लग्नात अगदीच लहान मुलगी, ती मात्र शिकली. बाईला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीबुवांना उडुपीला पंडितांपुढे उभं राहून शास्त्राधार द्यावे लागले. पुढे त्यांनी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात घर केलं. तिथे २३ एप्रिल १८५८ ला रमाबाई जन्मल्या. त्या काही महिन्यांच्या असतानाच घर मोडलं आणि कुटुंब तीर्थयात्रेला लागलं. तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत घालून डोक्यावरून नेत होते.

मुलगी शिकण्याच्या वयाची झाली तेव्हा वडील थकले होते, म्हणून आईने शिकवायला घेतलं. साधारण आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत. आता या बाईचा दिवस डोळ्यांपुढे आणा. आज या गावात, उद्या त्या देवळात. पाणी, सरपण, स्वयंपाक, आजारी नवरा, येणारेजाणारे. दिवस सुरू झाला की तिला उसंत नाही. म्हणून ती पहाटे, उजाडायच्या आत, जमिनीवरच्या अंथरुणातून पोरीला उचलून घ्यायची, लाडाने जागी करायची आणि पाठ घ्यायची. आई म्हणायची, लेक मागून म्हणायची. व्याकरण, शब्दकोश, आणि भागवताचे हजारो श्लोक, सगळं असंच तोंडी. पुढे १८८७ मध्ये अमेरिकेत 'द हाय कास्ट हिंदू वूमन' हे रमाबाईंचं पुस्तक निघालं, ते त्यांनी या आईच्या स्मृतीलाच अर्पण केलंय.

"वेळ कुठून आणतेस?" याचं उत्तर लक्ष्मीबाईंच्या दिनक्रमात आहे. दिवसाचा एकच तुकडा, पण रोजचा, आणि जगाने हात घालायच्या आधीचा. बाकी दिवस तिच्या हातात नव्हताच.

आता यातली गंमत बघा. हे घर अत्यंत कर्मठ होतं. पोरांवर परधर्माची सावली पडू नये म्हणून आईवडिलांनी त्यांना शाळेत घातलं नाही, इंग्रजी शिकू दिलं नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर, धर्म टिकावा म्हणूनच घरी शिकवणं होतं हे! आणि त्याच घरातली मुलगी पंचवीस वर्षांची असताना इंग्लंडमधल्या वाँटेजच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेत होती.

मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई भावाबरोबर, श्रीनिवासबरोबर, देशभर पायी फिरल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी, माहेर नाही, सासर नाही. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून विलायतेच्या प्रवासाचे पैसे उभे केले. विचार डॉक्टर व्हायचा होता.

१८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोला घेऊन त्या वाँटेजला सेंट मेरी द व्हर्जिन या जोगिणींच्या मठात पोचल्या. जोगिणी म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या नन्स. बरोबर आलेल्या मैत्रिणीचा, आनंदीबाई भगत यांचा, तिथेच दुर्दैवी अंत झाला. परक्या मुलखात, कामचलाऊ इंग्रजीवर, ऐकायला कमी येतंय, लहान मूल आहे आणि सोबतीण गेली. आपल्यापैकी ज्यांनी इकडचे पहिले सहा महिने एकटीने काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको.

ख्रिस्ती धर्माकडे त्या एका दिवसात वळल्या नव्हत्या. सासरी बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान हाती लागलं होतं. पुण्यात एका मिशनरी बाईंकडे बायबलचं वाचन झालं होतं. नेहेम्या गोऱ्हे हे कोकणस्थ ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले पाद्री, त्यांच्या पत्राने काही शंका फिटल्या. पण मनात ठसलं ते लंडनमध्ये. फुलहॅमला या जोगिणींचं एक घर होतं, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी. ज्यांना गावाबाहेर काढायचं त्यांना इथे कुणी हाताला धरून बसवतंय, हे रमाबाईंनी पाहिलं. हे का करता, म्हणून विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ ला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. मला महत्त्वाचं वाटतं ते याच्या पुढचं.

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये गेल्या. डोरोथिया बील या बाई तिथल्या प्रमुख होत्या. बहिरेपणामुळे डॉक्टरकीचा विचार सोडावा लागला होता. आता स्वतः शिकायचं आणि बदल्यात संस्कृत शिकवायचं. तीन वर्षांची मनो बराच काळ वाँटेजला, सिस्टर जेराल्डिन यांच्या देखरेखीखाली. सिस्टर प्रेमळ होत्या. मनोवर त्यांचा खरा जीव होता. शिवाय त्या रमाबाईंच्या धर्ममाता होत्या. राहायला जागा त्यांची, जेवण त्यांचं, पोरीला सांभाळणारे हात त्यांचे.

आणि तरीही रमाबाई त्यांच्याशी भांडल्या. पत्रामागून पत्र. ही पत्रं आज छापील मिळतात. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला संग्रह १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढला. जमलं तर मिळवून वाचाच.

भांडण कशावरून? वरवर पाहिलं तर बारीकसारीक गोष्टींवरून. रमाबाई मांसमच्छी खात नव्हत्या, अंडं घातलेलं पुडिंगही नाही. सिस्टरांना वाटे, ही जुनी जात अजून सुटली नाही. रमाबाईंचं म्हणणं, हे माझं खाणं आहे, याचा माझ्या श्रद्धेशी संबंध नाही. क्रुसावरची अक्षरं लॅटिन हवीत असं सिस्टरांना वाटे. रमाबाईंनी विचारलं, लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही? त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटत नव्हता. पटत नाही ते पटलं म्हणायला त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवून आले ती दुसऱ्याच्या जोखडात घालायला नव्हे, असं त्यांनी स्पष्ट कळवलं.

पण खरा मुद्दा मनोचा होता. लहान मुलीला कुठल्या प्रार्थना शिकवायच्या, आईला स्वतःला जे पटलं नाही ते तिच्याकडून वदवून घ्यायचं का, ती कुठे वाढणार. सिस्टरांचं म्हणणं, मुलीला चर्चचा पूर्ण विश्वास मिळाला पाहिजे, आईच्या शंकांमध्ये ती अडकता कामा नये. रमाबाईंचं म्हणणं, तिची आई मी आहे. त्यांना आणखीही एक भीती होती, आणि ती आपल्याला फार जवळची आहे. मुलगी इकडे वाढून आपल्या माणसांना हलकं समजायला लागेल, हिंदुस्थानचं नाव निघालं की लाजेल. परदेशी घर केलेल्या पुष्कळांचं असं होतं, हेही त्यांनी लिहिलंय. ती आपल्यातलीच एक व्हावी, आपल्या लोकांवर वरून दया दाखवणारी कुणी परकी नव्हे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

चार वर्षांची पोर. आजच्या हिशेबाने रिसेप्शनच्या वर्गातली. आणि हे वर्ष १८८५.

आता इल्फर्डकडे या. आपल्या बार्किंगसाइडला डॉ. बर्नार्डो यांचं मुलींचं 'व्हिलेज होम' याच काळात उभं होतं. १८७६ मध्ये ते सुरू झालं. हिरवळीभोवती लहान लहान घरं, प्रत्येक घरात काही मुली आणि त्यांची एक 'मदर'. हजारो पोरक्या मुलींना तिथे छप्पर मिळालं, हे काम मोठंच. पण त्याच बर्नार्डोंवर एका गरीब आईने दावा लावला होता. मुलगा तिने त्यांच्या संस्थेत ठेवला होता, नंतर तिला तो कॅथलिक घरात हलवायचा होता. बर्नार्डो सोडेनात. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १८९१ मध्ये निकाल आईच्या बाजूने लागला. सांगायचा मुद्दा हा, की जो पोसतो तोच धर्म ठरवणार ही त्या काळची सरसकट समजूत होती. ती नाकारणाऱ्या आयांमध्ये इथल्या गरीब बायका होत्या, तशा आपल्या रमाबाईही होत्या.

आज आपल्याला हा हक्क न भांडता मिळालाय. १९९६ च्या एज्युकेशन ॲक्टचं सातवं कलम सांगतं की मुलाला त्याच्या वयाला, कुवतीला योग्य असं पूर्णवेळ शिक्षण मिळेल हे पाहणं पालकाचं कर्तव्य आहे, मग ते शाळेत पाठवून असो किंवा अन्य रीतीने. घरी शिकवणं त्या 'अन्य रीतीने'त बसतं. १८७० च्या कायद्यातही अशी वाट ठेवलेली होती. आणि मूल शाळेत जात असलं तरी धर्मशिक्षणाच्या तासाला न बसवण्याचा हक्क पालकांना आहे. तो वापरा असं मी म्हणत नाही. इतर धर्म समजलेलं मूल मला आवडतं. हक्क कुणाचा आहे एवढंच लक्षात असू द्या.

रमाबाई फेब्रुवारी १८८६ मध्ये अमेरिकेला निघाल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. तिथे त्यांनी फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धत शिकून घेतली आणि तिच्या धर्तीवर मराठी मुलांसाठी क्रमिक पुस्तकं लिहायला घेतली. हे मला फार आवडतं. सभा, भाषणं, निधी, प्रवास, सगळं चालू असताना ही बाई लहान मुलांना मराठी कसं शिकवायचं याचा विचार करत होती. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला हललं. उच्चवर्णीय बालविधवांसाठी शाळा आणि घर. नियम असा, की धर्म शिकवायचा नाही. ज्या मुलींना सोवळंओवळं पाळायचं त्यांनी पाळावं.

पण रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि त्याच घरात राहत होत्या. त्या काय करायच्या? रोज आपल्या खोलीत मनोला घेऊन बसायच्या, बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या. खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. पुण्यात गदारोळ झाला, केसरीने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालक मुली काढून न्यायला लागले. रमाबाईंना सोपा उपाय होता, दार लावून घ्यायचं. त्यांनी लावलं नाही. कुणाला बोलावणार नाही, पण माझ्या घरात माझ्या मुलीबरोबर प्रार्थना करताना दार बंद करणार नाही, आणि आलेल्या मुलीला हाकलणारही नाही, ही त्यांची भूमिका होती.

यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. विश्वासाने मुली सोपवलेल्या पालकांचा राग मला कळतो. आपली मुलगी कुणाकडे ठेवली आणि ती तिथे दुसऱ्या देवापुढे हात जोडायला लागली तर आपणही बिथरू. वाँटेजला रमाबाई ज्या जागी उभ्या होत्या, पुण्यात त्या जागी आता हे पालक होते. पण एक फरक होता असं मला वाटतं. वाँटेजला मनोकडून वदवून घेतलं जात होतं. पुण्यात कुणावर सक्ती नव्हती. हा फरक पुरेसा आहे का, हे तुम्ही ठरवा. त्या वेळी पुण्यातल्या शहाण्या माणसांचंही यावर एकमत झालं नाही.

आणखी एक गोष्ट, जी व्यग्र आईने मुद्दाम वाचावी. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, म्हणजे शारदा सदन जोरात चालू असताना, रमाबाईंना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. हे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. एवढं काम करणारी, एवढं सोसलेली बाई हे लिहिते. श्रद्धा म्हणजे एकदा भरलेला फॉर्म नाही, ती वयाबरोबर वाढते, आणि कामाच्या रगाड्यातही वाढू शकते. आपल्याला सगळं पटेपर्यंत मुलांना काही सांगायचंच नाही असं ठरवलं, तर ती वेळ कधीच यायची नाही.

पुढे १८९६ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. शेती, विणकाम, घाणा, छापखाना, शाळा. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल मराठीत आणलं. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत, हा त्यांचा हट्ट. ते छापलं मुक्तीतल्या बायकांनीच. ज्या आईने पहाटेच्या अंधारात संस्कृत पाठ करून घेतलं होतं, तिचीच शिस्त इथे कामी आली. देव बदलला होता, पण एक एक शब्द पारखून घ्यायची सवय तीच राहिली.

आणि मनो? वाँटेजच्या जोगिणींकडे, मग पुण्यात आईजवळ, मग अमेरिकेतल्या शाळेत, अशी तुकड्यातुकड्यांनी वाढलेली ही मुलगी परत आली. बी.ए. झाली, शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली, आईचा उजवा हात झाली. आपल्या देशाच्या नावाला लाजली नाही. २४ जुलै १९२१ ला, चाळिशीतच, ती गेली. नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाईही गेल्या.

आता हे तीन पिढ्यांचं गणित मांडून बघा. लक्ष्मीबाईंनी मुलीला पूर्णवेळ स्वतः शिकवलं आणि मुलीने आईचा धर्म सोडला. रमाबाईंना मुलीला पूर्णवेळ शिकवता आलं नाही, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या हाती द्यावं लागलं, आणि मुलीने आईचीच वाट धरली. म्हणजे घरी शिकवल्याने श्रद्धा हमखास उतरते असं नाही, आणि शाळेत पाठवल्याने ती हमखास जाते असंही नाही. घरी शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे ऐकायला आवडणार नाही कदाचित. पण मला यात धीर वाटतो. मूल कुठल्या देवाला हात जोडेल हे आपल्या हातात नाही. मुलाने आपल्याला काय करताना पाहिलं, हे मात्र आहे.

लक्ष्मीबाईंकडून लेकीला काय मिळालं? मन लावून शिकायचं, आणि जे खरं वाटतं त्यासाठी गावाशी वैर घ्यायचं. उडुपीच्या सभेपुढे उभ्या राहिलेल्या बापाची मुलगी वाँटेजच्या जोगिणींपुढे उभी राहिली. मनोला काय मिळालं? उपकारकर्त्यालाही नाही म्हणता येतं, तरी त्याच्याविषयी मनात प्रेम ठेवता येतं. रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार भांडणानंतरही सुटला नाही, आणि ती पत्रं जपून, जुळवून ठेवली ती सिस्टरांनीच. म्हणून तर आज आपल्याला वाचता येतात.

तर इल्फर्डच्या माझ्या मैत्रिणींनो, आणि बाबांनो, तुम्हीही. यातून आपल्या दिवसात बसेल एवढंच सांगते. एक, रोजचा एक ठरलेला तुकडा, दहा मिनिटांचा का असेना. दोन, तुमची प्रार्थना, आरती, नमाज, ध्यान, जे असेल ते दार उघडं ठेवून करा. मुलाला ओढू नका, आणि आलं तर उठवू नका. तीन, आपल्याला जे पटलेलं नाही ते त्याच्याकडून वदवून घेऊ नका. "मलाही अजून नीट कळलेलं नाही" हे वाक्य मराठीत छान म्हणता येतं. चार, हे सगळं शक्य तेवढं मराठीत होऊ द्या. क्रुसावर लॅटिनच का, असं विचारणाऱ्या बाईचे आपण वारस आहोत.

कधी सवड मिळाली तर मुलांना वाँटेज दाखवून आणा. इल्फर्डहून एलिझाबेथ लाइनने थेट पॅडिंग्टन, तिथून डिडकॉटची गाडी, पुढे बस. गाव लहान आहे. तिथे उभं राहून त्यांना सांगा, एकशे चाळीस वर्षांपूर्वी एक मराठी आई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन इथे आली होती, आणि या मुलीची आई मी आहे, हे तिने कुणाला विसरू दिलं नाही.

तुमच्या घरी हा प्रश्न कसा सुटतो, की अजून सुटलेला नाही, तेही सांगा. वाट बघते.